'पण' न म्हणणारा वाटाड्या

मोटारीने प्रवासाला निघालेल्या कुटुंबात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका प्रवाशाची भर पडली आहे. तो जागा अडवत नाही, खिडकीसाठी भांडत नाही, घाटात त्याला मळमळत नाही आणि 'जरा चहाला थांबू या' असेही तो कधी म्हणत नाही. तो फक्त बोलतो. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.' घरातला जो कर्ता पुरुष जन्मात कोणाच्या सांगण्यावरून उजवीकडे वळलेला नसतो, तोही या आवाजापुढे निमूट होतो. 'अहो, मघाशीच वळायला हवं होतं,' असे बायकोने म्हटले की ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, तोच गृहस्थ या आवाजाने नवा मार्ग सांगितला की आपलेच काही चुकले म्हणून ओशाळतो.

या आवाजाची थट्टा करावी तेवढी थोडी. परंतु विषय थट्टेवर संपणारा नाही. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी मध्यरात्रीनंतर अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशा ज्या पुलावरून जायला सांगत होता तो पूल, धरणाचे पाणी चढले की, वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. गावकऱ्यांना ते माहीत होते, नकाशाला नव्हते. गाडीतले दोघे कसेबसे बाहेर पडले, चालवणारा बुडाला. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात गोतुरुथ येथे मुसळधार पावसात रात्री एक गाडी सरळ नदीत गेली आणि दोन तरुण डॉक्टर प्राणास मुकले. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेली जिल्ह्यात फरीदपूरजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे ठार झाले. त्या पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेलेला होता. नकाशात मात्र पूल अखंड होता.

अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, 'उपग्रहानं दगा दिला.' दुसरा म्हणतो, 'यांना डोळे नव्हते का?' दोन्ही मते मला घाईची वाटतात. बँकेत असताना खात्यात फरक निघाला की आम्ही प्रथम कोणाला दोष देत नसू. रक्कम कुठून निघाली, कोणत्या टेबलावरून गेली आणि कुठे अडकली, हे पावलापावलाने पाहत असू. तोच रिवाज इथे लावून पाहावा.

पहिले पाऊल उपग्रहाचे. पुष्कळांची अशी समजूत असते की वर आकाशात कोणी डोळा लावून बसलेला आहे, त्याला आपली गाडी दिसते आणि तो आपल्याला वाट सांगतो. प्रत्यक्षात उपग्रहाला आपल्या गाडीचा पत्ताही नसतो. घरातल्या रेडिओवर कोण बातम्या ऐकत आहे हे जसे आकाशवाणीच्या केंद्राला कळत नाही, तसेच हे. उपग्रह बोलतो, आपला मोबाइल किंवा गाडीतले यंत्र ऐकते. आणि उपग्रह बोलतो तरी काय? दोनच गोष्टी. 'मी या क्षणी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.' रस्ता, वळण, पूल, गाव हे शब्दही त्याच्या भाषेत नाहीत.

एवढ्यावरून जागा कशी कळते? लहानपणी वीज चमकली की आपण आकडे मोजत असू. गडगडाट तीन सेकंदांनी आला तर वीज साधारण एका किलोमीटरवर पडली, असा तो हिशेब. इथे आवाजाऐवजी रेडिओलहर आहे, एवढाच फरक. अमेरिकेच्या 'जीपीएस'चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला पृथ्वीच्या दोन फेऱ्या मारतात. जगभर काम चालायला असे किमान २४ उपग्रह लागतात; प्रत्यक्षात तीसच्या आसपास फिरत असतात. त्यातला एखादा डोक्यावर असेल तर त्याचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यातले अंतर मोजले की उपग्रह किती लांब आहे ते कळते.

समजा, आपण माळरानावर डोळे मिटून उभे आहोत आणि तीन गावांच्या देवळांतल्या घंटा ठरल्या वेळी वाजतात. पहिली घंटा अमुक अंतरावर आहे म्हटले की त्या गावाभोवतीच्या एका वर्तुळावर आपण कुठेतरी असणार. दुसरीने शक्यता दोन ठिकाणांवर येते. तिसरीने एकच ठिकाण उरते. आकाशात हीच गोष्ट वर्तुळांऐवजी गोलांनी होते. मात्र तिथे तीन उपग्रह पुरत नाहीत, चौथा लागतो. कारण आपल्या खिशातले घड्याळ स्वस्तातले असते. ते किती पुढे-मागे आहे हेही गणितातूनच काढावे लागते आणि त्यासाठी चौथा साक्षीदार हवा.

सारा डोलारा घड्याळांवर उभा आहे. रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. म्हणून घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी जागा तीनशे मीटर सरकते. उपग्रहांत अणुघड्याळे बसवतात ती यासाठी. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आपल्यासारख्यांनी फक्त नावाने ऐकलेला. परंतु तो रोज आपल्या गाडीत हजर असतो. वेगामुळे आणि तिथल्या क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे उपग्रहातले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनी पुढे जाते. हा फरक वळता केला नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या घरात चूक साचेल.

घड्याळ बिघडले की काय होते याचा अनुभव आपल्या 'इस्रो'नेही घेतला आहे. आपली स्वतःची 'नाविक' यंत्रणा उभारताना २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह कक्षेत गेले; परंतु त्यांतल्या पहिल्याच उपग्रहातली परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह वर धडधाकट, पण वेळ सांगता येत नाही म्हणून जागा सांगण्याच्या कामातून बाद! २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले. त्यानंतरचा उपग्रह २०२५ च्या जानेवारीत सुटला, पण ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. फुकट मिळणाऱ्या या आवाजामागे केवढी यातायात आहे, याची यावरून कल्पना यावी.

आता या पहिल्या पावलातल्या चुका पाहू. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचे लष्कर नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतचा फरक पडे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते बंद झाले आणि मोटारीतला वाटाड्या घरोघरी पोहोचायची वाट खुली झाली. तरी निसर्गाने घातलेल्या चुका राहिल्याच. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना लहरीला किंचित उशीर होतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास हा थर अधिक अस्वस्थ असतो आणि आपला देश नेमका त्या पट्ट्यात आहे. शहरात उंच इमारतींच्या काचांवर आपटून लहर वळणाने येते. म्हणजे उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि गाडी शेजारच्या गल्लीत दिसू लागते. घाटात एका बाजूचे निम्मे आकाश डोंगराने झाकलेले, म्हणजे तेवढे साक्षीदार कमी. बोगद्यात तर एकही नाही. तिथे यंत्र मागच्या वेगावरून अंदाजाने पुढे जाते.

आणखी एक बारीकसा खोडसाळपणा असा, की उभ्या गाडीचे तोंड कुठे आहे हे उपग्रहांवरून कळत नाही. दोन क्षणांतल्या दोन जागा कळल्या म्हणजे मग दिशा कळते. निघता निघता हा आवाज आपल्याला उलट्या दिशेला धाडतो त्याचे कारण बहुधा हेच.

इतके सगळे होऊनही मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलला आपली जागा पाचेक मीटरच्या फरकाने कळते. विचार करा, वीस हजार किलोमीटरवरून पाच मीटर! यात जो काही घोळ होतो तो मुख्यतः शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन रस्त्यांचा आणि उंचीचा. हमरस्ता आणि त्याला लागून असलेला सेवारस्ता यांत अंतरच पाच-सात मीटरचे असते. उंचीतली चूक तर आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. म्हणून गाडी उड्डाणपुलावर आहे की खाली, हे यंत्राला पटकन उमगत नाही. २०२५ च्या जुलैत बेलापूरला खाडीपुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली एका महिलेची मोटार रात्री थेट खाडीत पडल्याची बातमी होती. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले. त्या रात्री नेमके काय घडले ते मी सांगू शकत नाही; पण वरचा रस्ता आणि खालचा रस्ता हा या यंत्राचा जुना घोटाळा आहे एवढे खरे.

तरीसुद्धा कोतूळला, केरळात किंवा बरेलीला जे गेले ते पाच मीटरच्या चुकीने गेले असे म्हणता येणार नाही. ज्या रस्त्याने घात केला त्या रस्त्यावरच गाडी होती. उपग्रहाचा जमाखर्च बरोबर होता. फरक पुढच्या टेबलावर निघतो. ते टेबल नकाशाचे.

उपग्रहांकडून यंत्राला कळतात ते दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. ते आकडे नकाशावर ठेवून यंत्र सगळ्यांत जवळचा रस्ता शोधते आणि आपल्याला त्या रस्त्यावर चिकटवून टाकते. आपण शेतातून जात असलो तरी पडद्यावर गाडी रस्त्यावर दिसते ती या चिकटवण्यामुळे. आणि नकाशा म्हणजे काय? बँकेच्या भाषेत सांगायचे तर पासबुक. पासबुकातली शिल्लक खोटी नसते. ती शेवटच्या नोंदीपर्यंत खरी असते. काल लिहून दिलेला आणि अजून न वटलेला धनादेश तिच्यात नसतो. पासबुकावर भिस्त ठेवून जो खर्च करतो त्याचा पुढचा धनादेश परत येतो. नकाशाचेही तसेच आहे. पूल पडला हा नदीच्या बाजूने वटलेला धनादेश असतो. तो नकाशाच्या वहीत चढायला मात्र दिवस लागतात, महिने लागतात.

कधी वर्षे लागतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हिकरी या गावी एक छोटा पूल २०१३ साली कोसळला. २०२२ च्या सप्टेंबरात पावसाळी रात्री एक गृहस्थ मुलीच्या वाढदिवसाहून परतताना नकाशाच्या सांगण्यावरून त्या पुलावर गेला आणि खाली पडून मेला. त्याच्या कुटुंबाने नकाशा-कंपनीवर केलेल्या दाव्यात म्हटले आहे, की पूल पडल्याचे एका रहिवाशाने कंपनीला २०२० मध्येच कळवले होते. रस्ता खाजगी, बांधणारी कंपनी बंद पडलेली, त्यामुळे पूल दुरुस्त करायला कोणी नाही आणि अडथळा लावायलाही कोणी नाही. नऊ वर्षे पूल जमिनीवर नव्हता आणि नकाशात होता. तेव्हा हे केवळ आपल्याकडचे गचाळपण आहे, असे म्हणून कपाळाला हात लावण्याचेही कारण नाही.

नकाशातली नोंद मुळात कोण करते? थोडे सरकारी दप्तरातून येते, थोडे उपग्रहांनी काढलेल्या छायाचित्रांवरून, थोडे कंपन्यांच्या माणसांकडून आणि बरेचसे आपल्या सर्वांकडून, आपल्या नकळत. आपल्या खिशातला मोबाइल आपला वेग कळवत असतो. पुष्कळ मोबाइल एका जागी रेंगाळले की तिथे गर्दी आहे असे यंत्र धरते. २०२० साली सिमॉन वेकर्ट नावाच्या एका जर्मन कलावंताने नव्याण्णव मोबाइल हातगाडीत घातले आणि ती गाडी बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. रस्त्यावर एकटा माणूस, नकाशात वाहनांची तुंबलेली रांग! यंत्राला रस्ता दिसत नाही, रस्त्याविषयीच्या नोंदी दिसतात, हे याहून सोपे करून कोणी सांगितलेले नाही.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. २००९ साली एक स्वीडिश जोडपे इटलीतले काप्री बेट पाहायला निघाले. यंत्रात एक अक्षर इकडचे तिकडे झाले आणि ते सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर, कार्पी नावाच्या कारखानदारीच्या गावी पोहोचून निळी गुहा कुठे आहे म्हणून चौकशी करू लागले. आपल्याकडे अक्षर चुकायचीही गरज नाही. वडगाव किती, पिंपळगाव किती, शिरगाव किती! म्हणून तर आपण नेहमी 'कोणतं वडगाव? बुद्रुक की खुर्द? तालुका कोणता?' असे विचारत आलो. यंत्र विचारत नाही. पहिले सापडले ते वडगाव धरून चालू लागते.

तिसरे टेबल वाट निवडण्याचे. त्याचे मूळ मोठे गोड आहे. १९५६ साली एड्सगर डायक्स्ट्रा हा तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघे कॉफी प्यायला बसली असता अवघ्या वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट कशी काढावी याची रीत त्याला सुचली. १९५९ साली ती छापली गेली. आजची यंत्रे तीच रीत पुष्कळ सुधारून वापरतात. प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला एक किंमत लावायची, बहुधा लागणाऱ्या वेळाची, आणि ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी ती निवडायची. बेरीज कधी चुकत नाही. प्रश्न आहे तो किमतीत काय धरले याचा. चिखल धरला का? अंधार धरला का? कठडा नसलेले वळण, ओढ्यावरचा फरशीपूल, रात्री अकरानंतर एकट्या बाईने त्या रस्त्याने जावे की न जावे, हे धरले का? चार मिनिटे वाचावीत म्हणून हमरस्ता सोडून एखाद्या शिवरस्त्यावर घालणारा आवाज वाईट हेतूचा नसतो. त्याच्या बेरजेत चार मिनिटांखेरीज दुसरे काही नसते.

फाट्यावरच्या टपरीवाल्याला रस्ता विचारला असता तो काय म्हणाला असता? 'जवळून हाय, पण जाऊ नका.' सगळा फरक या 'पण'मध्ये आहे. वाट जवळची आहे हे टपरीवाला नाकारत नाही. तो तिच्यापुढे आपला अनुभव जोडतो: पाऊस झालाय, गाडी बुडाला टेकेल, पुलावर पाणी असेल. वाट माहीत असणे आणि वाटेविषयीची शंका माहीत असणे, या दोन गोष्टी मिळून वाटाड्या होतो. आपला नवा प्रवासी पहिल्यात आपल्या सर्वांना हरवतो. दुसरी त्याच्याकडून आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

आणि हे यंत्रामुळेच होते असेही नाही, कारण कागदाच्या जुन्या नकाशांत हा 'पण' होता. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ज्यांनी कधी पाहिले असतील त्यांना आठवेल. १८०२ पासून लॅम्बटनने आणि त्याच्यामागून एव्हरेस्टने अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र रानोमाळ वाहून नेऊन सारा देश मोजला, त्या परंपरेतले ते नकाशे. त्यांच्या समासात सर्वेक्षणाचे साल छापलेले असे. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, बैलगाडीची वाट, पायवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या असत. नदी ओलांडायला पूल आहे की नुसता उतार, हेही कळे. वाचणारा समजून जाई, की माहिती अमुक सालची आहे, पुढचे आपले आपण पाहावे. आपल्या व्यापाऱ्यांच्या बिलाच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' छापलेले असते, त्यातलाच हा प्रामाणिकपणा. आजच्या बोलत्या नकाशात सगळे रस्ते एकाच स्वरात येतात. काल तपासलेला द्रुतगती मार्ग आणि पाच वर्षांत कोणी न तपासलेला फरशीपूल, दोन्हीकडे तेवढ्याच ठामपणे 'सरळ पुढे जा'. माझी तक्रार आहे ती या ठामपणाविषयी.

'पूर्वीचे दिवस बरे होते' असे मी म्हणणार आहे असे वाटत असेल, तर तसे नाही. पूर्वी रस्ता विचारला की 'हे काय, पुढंच आहे' म्हणून सात किलोमीटर चालायला लावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्याकडे माहीत नाही म्हणणे हा पाहुण्याचा अपमान वाटतो, म्हणून न पाहिलेल्या गावचाही रस्ता सांगतात. शिवाय अनोळखी शहरात रात्री काच खाली करून कोणाला विचारायची धास्ती ज्या मुलींना वाटत असे, त्या आज आपापल्या गाड्या चालवत बिनघोर घरी येतात ते या आवाजाच्या भरवशावर. रुग्णवाहिकेला पत्ता सापडतो, गॅसची टाकी घरी येते, परगावची लेक सुखरूप कुठवर आली हे आईला घरबसल्या दिसते. हे उपकार विसरण्यात काही अर्थ नाही.

कंपन्याही काही करत नाहीत असे नाही. २०२४ च्या जुलैत गुगलने जाहीर केले, की भारतातल्या रस्त्यांची रुंदी अजमावून चारचाकी गाड्यांना अरुंद गल्ल्यांपासून दूर ठेवायचे आणि उड्डाणपूल आला की तसे आगाऊ सांगायचे. म्हणजे 'पण' म्हणायला शिकवता येते हे त्यांनाही मान्य आहे. मग पुढचे पाऊल का नको? यंत्राला आपल्या जागेचा अंदाज किती मीटरने चुकू शकतो हे ठाऊक असते. पडद्यावर निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ तेच दाखवते. एखाद्या रस्त्याने गेल्या आठवड्यात किती गाड्या गेल्या, की एकही गेली नाही, हेही कंपनीच्या दप्तरात असणार. तर मग आवाजाने तसे सांगावे: 'हा रस्ता जवळचा आहे, पण त्याची ताजी खबर नाही.' रात्री, पावसात, नदीच्या काठी तर हे सांगणे सक्तीचे असावे. नियम-अटींच्या पानात 'चालकाने स्वतः खात्री करावी' असे बारीक टाइपात घालून मोकळे होणे मला पटत नाही. कर्जाच्या कागदांवरचा बारीक मजकूर मी आयुष्यभर पाहिला आहे. तो ग्राहकासाठी लिहिलेला नसतो, कोर्टासाठी लिहिलेला असतो.

परंतु खरा जाब विचारायचा तो अलीकडच्या टेबलाला. बरेलीच्या अपघातानंतर पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला, त्याबरोबर नकाशा-कंपनीच्या अधिकाऱ्यावरही. हा क्रम मला योग्य वाटतो. पूल वाहून गेला हे सर्वांत आधी कळते ते खात्याला. धरणाचे पाणी पुलावर केव्हा चढणार हे पाटबंधारेवाल्यांना ठाऊक असते. आपल्याकडे भोर-महाडचा वरंध घाट अलीकडे पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात. आदेश कागदावर असतो, वृत्तपत्रात असतो. मुंबईहून निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर तो असतोच असे नाही.

बँकेत कोणतीही नोंद एका सहीने पुरी होत नाही. एकाने लिहायची, दुसऱ्याने तपासायची. तिजोरीच्या किल्ल्याही दोघांकडे. रस्ता बंद करण्यालाही दोन नोंदी लागाव्यात: एक जमिनीवर, म्हणजे रात्री चमकणारा आणि सहज बाजूला सारता न येणारा अडथळा, दुसरी नकाशात, म्हणजे रस्ता बंद झाल्याची खबर सर्व नकाशा-कंपन्यांकडे त्याच दिवशी. दोन्ही झाल्याची सही जबाबदार अधिकाऱ्याने केली म्हणजे मगच आदेश पुरा झाला असे धरावे. यात अवघड काय आहे? केंद्र सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांवरची जुनी बंधने सैल केली, २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आणले. माहिती देण्या-घेण्याची दारे उघडी आहेत. दारातून माहिती नेऊन देणारा शिपाई मात्र कोणी नेमलेला दिसत नाही.

राहता राहिलो आपण. चालवणाऱ्याला डोळे नव्हते का, हा प्रश्न मला निर्दय वाटतो. रात्री पावसात दिव्यांच्या झोतापलीकडे पाणी आणि डांबर सारखेच काळे दिसते. पण घरातून निघण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या हातात असतात. उपग्रहांना इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागते. म्हणून घाटात रेंज गेली की ठिपका राहतो आणि नकाशा कोरा होतो. तो आदल्या रात्री उतरवून घ्यावा. सांगितलेली सबंध वाट एकदा बोटाने पडद्यावर फिरून पाहावी. ती हमरस्ता सोडून कुठे शिरते ते कळते. पावसाळ्यात अंधार पडल्यावर यंत्राने नवी वाट काढून दिली तर चार मिनिटांच्या लोभाने ती धरू नये. आणि समोर पाणी दिसले की गाडी थांबवून काच खाली करावी. त्या वेळी मागच्या सीटवरून कोणी 'अहो, विचारा की कुणाला तरी' म्हणाले तर ते ऐकावे.

हल्ली लग्नपत्रिकेत कार्यस्थळाखाली क्यूआर कोड छापतात. सोय उत्तम आहे, जरूर छापावा. पण पूर्वी त्या जागी एक ओळ असे, गावातल्या कोणा जाणत्याने सांगून घातलेली. ती काढू नये. 'ओढ्यावरचा जुना पूल बंद आहे, शाळेवरून यावे.'